राब आणि वणवा

२०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर अरण्य जळाले. त्यातील बहुतांश विजेने पेटलेले होते. आपल्या रायगड किनाऱ्यावर वीज येते ती पावसाला सोबत घेऊन. फाल्गुन-चैत्रात मुरुड-रोह्याचे डोंगर पेटतात, तेव्हा काडी बहुधा माणसाच्याच हातची असते.

मग बोट दाखवले जाते ते शेतकऱ्याच्या राबाकडे. ही सवय जुनी आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. रयतेची ओरड एवढी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि राब हा त्या चौकशीतील एक कळीचा विषय ठरला.

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा यांचे थर रचून, वर माती पसरून, वारा पाहून केलेली भाजणी. तणाचे बी जळते, राखेचे खत होते. ही आग बांधाच्या आत धुमसते. वणवा वाळल्या गवतातून चढणीवर धावतो. राबाची ठिणगी कधीच उडत नाही, असे मी म्हणणार नाही. तरीही शिकारीसाठी लावलेली आग आणि राब यांना एकाच गुन्ह्यात मोजणे अन्यायाचे आहे.

जाळरेषा काढताना वनविभागही गवत जाळतोच. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान असलेल्या फणसाड अभयारण्याभोवती हे काम राब भाजणाऱ्या गावकऱ्यांकडेच सोपवावे. वारा केव्हा पडतो, हे त्यांना ठाऊक असते.