आसरा आणि सेल्की : तुलनेची घाई

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कने व शेटलंड बेटांवर ‘सेल्की’च्या कथा सांगितल्या जातात. तेथील बोलीत सेल्की म्हणजे नुसता सील हा प्राणी. तो किनाऱ्यावर कातडे उतरवून माणूस होतो. एखादा तरुण सेल्की-स्त्रीचे कातडे लपवून तिच्याशी संसार मांडतो आणि कातडे हाती लागताच ती मुलाबाळांना सोडून समुद्रात परतते. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकाला ही कथा वाचताना नदीकाठच्या साती आसरा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंना ‘जलपरी’ या एकाच शब्दाखाली बसवून स्टिथ थॉम्पसनच्या सूचीतील एखादा कल्पनाबंध-क्रमांक जोडला की तुलना झाली, ही समजूत टाकून दिली पाहिजे.

सेल्कीचे जवळचे नाते आहे ते उर्वशीशी. शतपथ ब्राह्मणात ती सख्यांसह पाणपक्ष्याच्या रूपात सरोवरात पोहताना पुरूरव्याला दिसते. तिचा संसारही एका अटीवर टिकतो आणि अट मोडताच संपतो. (अट मात्र उर्वशीची स्वतःची आहे, सेल्कीच्या वाट्याला चोरीच येते. हा भेद लहान नव्हे.)

‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’पासूनच आलेला, तरीही आसरांना नवरा नाही, घर नाही, लपविता येईल असे कातडे नाही. त्या एकेकट्या नसतात, सात असतात. शेंदूर लावलेले सात दगड हेच त्यांचे रूप. सेल्कीकथेत माणूस स्त्रीला पाण्यातून ओढून आणतो, तर लोकसमजुतीनुसार आसरा माणसाला पाण्यात ओढून नेतात. तेथे करुणा आहे, येथे धाक. म्हणूनच आसरांचे खरे साहित्य कथेपेक्षा विधिनिषेधांत, नवसांत आणि ‘आसरा लागल्या’ या बोलण्यात आहे. दामोदर कोसंबी यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात उर्वशीच्या सूक्ताचा विचार आणि मातृदेवतांच्या ठाण्यांची प्रत्यक्ष पाहणी शेजारी शेजारी ठेवली, ती उगाच नव्हे.

ऑर्कनेच्या कथा आज वाचता येतात, कारण एकोणिसाव्या शतकात वॉल्टर ट्रेल डेनिसन या तेथल्याच रहिवाशाने त्या टिपून ठेवल्या. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून हस्तलिखिते जपली. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे. पण आसरांचे हस्तलिखित नसते. विहीर बुजविली की काठावरचे सात दगड कोण उचलते, ते कोठे मांडले जातात, धरणाच्या फुगवट्यात काठ गेला की नवस कोठे फेडतात, हे तापी, गिरणा आणि पांझरेकाठच्या बायांना अहिराणीतूनच विचारावे लागेल. क्रमांक त्यानंतर देता येतील.