भिक्खू रस्त्यावर, मंत्री करारावर

परराष्ट्र धोरण हा आपला विषय नाही, असे चळवळीतल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. राखीव जागा, शिष्यवृत्त्या, गावोगावचे अत्याचार यांतून डोके वर काढायला सवड नाही. मग दिल्लीचा कोण मंत्री कुठल्या देशात गेला याच्याशी आम्हाला काय करायचे? पण ऑगस्ट 2025 मध्ये चीनमधल्या तिआनजिन शहरात पंतप्रधान मोदींनी ब्रह्मदेशचे लष्करशहा मिन आंग ह्लाइंग यांच्याशी बैठक केली, तेव्हा आम्हाला एक जुना दौरा आठवला. बौद्ध जनतेने तो विसरता कामा नये.

सप्टेंबर 2007. केंद्रात काँग्रेस आघाडीचे सरकार होते आणि पेट्रोलियम मंत्री होते मुरली देवरा, म्हणजे आपल्या मुंबईचेच. ते ब्रह्मदेशात गेले. आराकानच्या किनाऱ्याजवळ खोल समुद्रात तेल आणि वायू शोधण्याचे तीन करार त्यांच्या उपस्थितीत झाले. ओएनजीसी विदेश ही आपली सरकारी कंपनी सुमारे 15 कोटी डॉलर गुंतवणार होती. सह्या झाल्या, हस्तांदोलने झाली, छायाचित्रे निघाली.

आणि त्याच दिवसांत रंगूनच्या रस्त्यावर काय चालले होते? हजारो भिक्खू अनवाणी पायांनी, मेत्त सुत्ताचे पठण करीत चालत होते. 24 सप्टेंबरला त्यांच्यामागे सुमारे एक लाख माणसे होती. दोनच दिवसांनी लष्कराने लाठ्या आणि बंदुका चालवल्या. विहारांवर रात्री धाडी पडल्या, भिक्खूंना ट्रकमध्ये कोंबून नेले. 27 तारखेला एका जपानी छायापत्रकाराला भर रस्त्यात गोळी घातली, ते साऱ्या जगाने पाहिले. किमान 31 माणसे मेली, असे संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने पुढे आपल्या अहवालात नोंदवले.

भिक्खू रस्त्यावर का आले, हे नीट समजून घेतले पाहिजे. 15 ऑगस्ट 2007 रोजी लष्करी सरकारने इंधनाचे भाव एका रात्रीत वाढवले. डिझेल जवळजवळ दुप्पट, आणि ज्यावर शहरातल्या बसगाड्या धावत तो वायू पाचपट! कामावर जाणाऱ्या मजुराची निम्मी मजुरी बसभाड्यात जायची वेळ आली. ज्या देशाच्या पोटातला वायू नळाने थायलंडला विकला जात होता, त्याच देशातला गरीब माणूस वायू महागला म्हणून पायी चालत होता. भिक्खू सकाळी पात्र घेऊन दारोदार जातात. लोकांच्या घरात चूल पेटते की नाही हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? पकोक्कू गावात सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली, सरकारने क्षमा मागितली नाही, आणि मग संघाने विनयातले अस्त्र उपसले: पत्तनिक्कुज्जन कम्म. म्हणजे भिक्षापात्र पालथे करणे. लष्करी अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबीयांचे दान घेणार नाही, असा तो बहिष्कार. बहिष्कार सोसलेल्या समाजाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. फरक एवढाच की, इथे बहिष्कार दुबळ्यांनी बलवानांवर घातला होता.

अशा वेळी आमचे मंत्री वायूच मागायला गेले! दिल्लीने पुढे काळजी व्यक्त केली, सर्वांनी संवादाने मार्ग काढावा असे सांगितले. ज्यांच्या हातात बंदूक आणि ज्यांच्या हातात पात्र, ते दोघेही ‘सर्वांमध्ये’ सारखेच.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. ब्रह्मदेशाशी आपली 1,643 किलोमीटरची सरहद्द आहे. ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ पलीकडे होते, आणि आपण मागे हटलो तर चीन सगळे बळकावील ही भीतीही खरी होती. 1988 च्या उठावात भारत लोकशाहीवाद्यांच्या बाजूने होता. 1993 पासून याच हिशेबाने धोरण फिरले. ठीक आहे, मग हिशेबच तपासू. आराकानच्या समुद्रात ज्या ठिकाणी मोठा वायू सापडला होता, तिथे ओएनजीसी विदेशचा 20 टक्के आणि गेलचा 10 टक्के वाटा होता. तरीही तो वायू चीनला विकण्याचा करार 2008 साली झाला आणि 2013 पासून तो नळाने युनानकडे वाहू लागला. आमच्या कंपन्यांना नफ्यातला वाटा मिळाला, वायू मात्र चीनला. सित्तवे बंदरातून मिझोरामपर्यंत जाणाऱ्या कलादान मार्गाचा करार 2008 मध्ये याच सेनापतींशी झाला. जानेवारी 2024 मध्ये त्या मार्गावरचे पलेत्वा गाव लष्कराच्या हातून गेले आणि आराकान आर्मीने घेतले. म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही तोंड मिटले, त्यांना तो मार्गसुद्धा राखता आला नाही.

आराकान हे नाव आपल्याला परके नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी हे मूळचे आराकानचे. 1954 च्या डिसेंबरात बाबासाहेब स्वतः रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, तब्येत ढासळलेली असताना. त्या भूमीतले भिक्खू मार खात असताना आपल्या किती संघटनांनी मोर्चे काढले, हा प्रश्न दिल्लीला विचारण्याआधी आपल्या कार्यालयांतही विचारावा. आणि जुलै 2010 मध्ये, ज्याच्या राजवटीत भिक्खूंवर गोळ्या झाडल्या तो जनरल थान श्वे सरकारी पाहुणा म्हणून बुद्धगयेला आला. त्या दिवशी बोधिवृक्षाखाली त्याचे स्वागत कोणी केले, तेही आठवून पाहावे.

मात्र चीवर पाहिले की हात जोडायचे, एवढ्यावरही भागणार नाही. त्याच देशातल्या विराथूसारख्या भिक्खूंनी रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध द्वेष पेरला. 2017 मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्याच सप्टेंबरात मोदी नेप्यिडोला गेले. सुरक्षा दलांवरील हल्ल्यांचा त्यांनी निषेध केला, जाळलेल्या गावांबद्दल मात्र शब्द नाही. तेव्हा तिथे आंग सान सू ची यांचे सरकार होते आणि त्याही गप्पच होत्या. 2007 ला देवरा, 2017 ला मोदी. पक्ष बदलला, फाईल तीच.

फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. 27 मार्च 2021 ला राजधानीतल्या लष्करी संचलनाला भारताचा प्रतिनिधी हजर होता, आणि त्या एका दिवसात देशभर शंभरावर नागरिक मारले गेले. सरहद्द ओलांडून आलेल्या चिन लोकांना अडवा, असा दिल्लीचा हुकूम होता; मिझोरामच्या गावांनी त्यांना घरात घेतले. तिआनजिनच्या बैठकीत निवडणुका निष्पक्ष आणि सर्वसमावेशक व्हाव्यात अशी आशा भारताने व्यक्त केली. सू ची यांचा पक्ष 2023 मध्येच बरखास्त झाला होता आणि त्या स्वतः तुरुंगात होत्या. डिसेंबर 2025 मध्ये मतदान सुरू झाले ते त्याच स्थितीत.

आमचे खासदार संसदेत आहेत. यापुढे कोणी मंत्री त्या देशात जाऊन आला की, त्यांनी सभागृहात लेखी प्रश्न टाकावा: किती करार केलेत, आणि तुरुंगातल्या किती माणसांची नावे तिथे घेतलीत?