गोळ्या मी फेकल्या

दोस्तांनो, आधी माझंच सांगतो. मग तुमच्याकडं वळतो.

बायकोला अंगावरून पांढरं जायचं. आग, खाज, वास. ती बोलली नाही. फडकं धुऊन साडीखाली लपवून वाळत घालायची. शेवटी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना गोळ्या दिल्या. तिच्या तिनं खाल्ल्या. माझ्या मी गटारात फेकल्या. गोदीत पोती वाहणारा गडी मी, मला काय धाड भरलीय?

ती बरी झाली, पुन्हा पडली. पुन्हा बरी, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाईंनी मला बोलावून सुनावलं : हा रोग पुरुष अंगात घेऊन हिंडतो, बहुतेकदा त्याला कळतसुद्धा नाही. तू औषध घेतल्याबिगर ही बरी होणार नाही.

म्हणजे रोग मी, आणि वाईट चालीची ठरली ती!

पांढरं जाणं दरवेळी नवऱ्याकडूनच येतं असं नाही. कधी तो रोगही नसतो. पण तपासल्याशिवाय कळणार कसं? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० बाया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं : शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग नाहीतर गुप्तरोग. त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८.

तीस वर्षांनी काय झालं? २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. कामावर खाडा पडला तर दंड. पांढरं जातंय? पोट दुखतंय? काढा पिशवी! बाई म्हणजे काय कोयत्याची मूठ, सैल झाली की उपटून टाकायला?

र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'नं कामजीवनाबद्दल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं छापली, म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? बाबासाहेब! आणि त्यांचे आपण वाघ? सभेत मनुस्मृती जाळतो, घरात बायकोचं फडकं उन्हात घालायला लाजतो. हीच मनुस्मृती. ती चौकात जळत नाही.

मी गोळ्या खाल्ल्या. पुऱ्या. तिच्यासमोर.

आता तुम्ही. घरी जा, तिला विचारा, ऐकून घ्या. दवाखान्याच्या रांगेत तिच्यामागं उभे राहा. रांगेत उभं राहायची लाज वाटत असेल, तर मोर्चात आमच्या शेजारी उभे राहू नका.