बोकारोचा नकार केनेडींच्या माथी नको

भिलाईत सोव्हिएत मदतीची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. 2 फेब्रुवारी 1955 चा करार, अडीच टक्के व्याजाचं बारा वर्षांत फेडायचं कर्ज, दुर्ग जिल्ह्यात उभा राहिलेला दहा लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी आणि पुढे त्या मैत्रीच्या नावाने फुललेली मैत्रीबाग. ही कृतज्ञता रास्त आहे आणि ती कमी करण्याचा या लेखाचा हेतू नाही. पण तिच्या शेपटाला एक वाक्य बांधलं गेलं आहे: रशियाने पोलाद दिलं, अमेरिकेने नाकारलं. बोकारोच्या पोलाद कारखान्याचा प्रस्ताव 1963 साली बारगळला तेव्हा जॉन केनेडी अध्यक्ष होते, म्हणून हा नकारही त्यांच्याच खात्यावर चढवला जातो. तो त्यांच्या खात्यावरचा नाही. उलट, अमेरिकी राजकारणात भारताच्या पोलादासाठी उघडपणे उभा राहिलेला सर्वांत मोठा माणूस तोच होता, आणि हरला.

केनेडींचा भारताशी संबंध अध्यक्षपदाच्या किती तरी आधीचा आहे. 1951 साली चौतिशीतले हे खासदार आशियाच्या दौऱ्यावर आले आणि दिल्लीत नेहरूंना भेटले. 1953 मध्ये ते सेनेटवर गेले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची गाडी 1957 मध्ये परकीय चलनाच्या टंचाईत रुतली, त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये भारताबद्दल फारसं ममत्व नव्हतं. अलिप्ततावाद म्हणजे लबाडी, असंच तिथल्या अनेकांचं मत होतं. अशा हवेत 25 मार्च 1958 रोजी केनेडींनी सेनेटमध्ये भारतावर सविस्तर भाषण केलं. भारतात राजदूत राहून गेलेले रिपब्लिकन सेनेटर जॉन शर्मन कूपर यांना सोबत घेऊन त्यांनी भारताच्या योजनेला मोठं आणि दीर्घ मुदतीचं अर्थसाहाय्य द्यावं असा ठराव मांडला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदाराला भारताच्या परकीय चलनाचं काय पडलं होतं? त्यातून एक मतही वाढणार नव्हतं. पुढे 1961 साली अध्यक्ष झाल्यावर त्यांनी अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ यांना राजदूत म्हणून दिल्लीला धाडलं, आणि तिसऱ्या योजनेच्या पहिल्या दोन वर्षांसाठी अमेरिकेने 100 कोटी डॉलरची हमी दिली. म्हणजे 1958 मध्ये जे बोलले ते 1961 मध्ये केलं.

आता बोकारो. भिलाई रशियाचं, राउरकेला पश्चिम जर्मनीचं, दुर्गापूर ब्रिटनचं, तसं चौथं पोलाद अमेरिकेचं व्हावं ही भारताची इच्छा होती. युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी करून अहवाल दिला. 8 मे 1963 च्या पत्रकार परिषदेत केनेडींनी स्वच्छ सांगितलं की भारताला या पोलादाची गरज आहे आणि हा कारखाना न उभारणं ही मोठी चूक ठरेल. अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, मत वेगळं असू शकेल, हेही त्यांनी तिथेच मान्य केलं. या कबुलीतच सगळं दुखणं आहे. मॉस्कोत सरकारने ठरवलं की करारावर सही होत असे. वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षाला परदेशी मदतीसाठी आधी कायद्याने मंजुरी घ्यावी लागते, मग प्रत्यक्ष पैशासाठी पुन्हा वेगळी मंजुरी, आणि दोन्ही वेळा प्रतिनिधी सभा व सेनेट या दोघांचा होकार लागतो. अध्यक्ष मागणी करतो. थैलीची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. 1963 च्या उन्हाळ्यात ती दोरी आवळली गेली. सरकारी मालकीच्या कारखान्याला अमेरिकी करदात्याचा पैसा का, हा प्रश्न पुढे आला आणि दहा कोटी डॉलरपेक्षा मोठ्या उत्पादन-प्रकल्पाला काँग्रेसच्या खास संमतीशिवाय मदत नाही, अशी अट प्रतिनिधी सभेने ऑगस्टमध्ये घातली. बोकारोची गरज त्याच्या कैक पटींनी होती. केनेडींची आणखी कोंडी नको म्हणून नेहरूंच्या सरकारने विनंतीच मागे घेतली.

यात केनेडींचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. जनरल लूशियस क्ले यांची समिती त्यांनीच नेमली होती. पुराणमतवादी माणसाने मदतीची शिफारस केली की विरोधक नरमतील, हा हिशेब. समितीने मार्च 1963 मध्ये नेमकं उलटं केलं: खासगी उद्योगाशी स्पर्धा करणाऱ्या सरकारी कारखान्यांना पैसा देऊ नये, असं लिहून दिलं आणि विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं. ही राजकीय आडाख्याची चूक होती, आणि ती महागात पडली. पण चुकलेला आडाखा आणि नकार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मराठी वाचकाचा सर्वांत तिखट आक्षेप गोव्याचा असेल, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. डिसेंबर 1961 मध्ये आपलं सैन्य गोव्यात उतरलं तेव्हा केनेडींचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध बोलले, आणि ठराव अडवला तो सोव्हिएत नकाराधिकाराने. साडेचारशे वर्षांची वसाहत संपत असताना अमेरिकेने पोर्तुगालची तळी उचलली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. पोर्तुगाल नाटोत होता आणि अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता, हे कारण आहे, समर्थन नव्हे. मात्र त्याच रागातून 1962 मध्ये सेनेटमध्ये भारताची मदत छाटण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्याला विरोध केनेडींच्या सरकारनेच केला, हेही त्याच पानावर लिहायला हवं. त्याच वर्षी चिनी आक्रमणात त्यांनी शस्त्रं धाडली. मागोमाग काश्मीरवर पाकिस्तानशी बोला म्हणून दबावही आणला. दोन्ही खरं आहे.

मग दुसरा आक्षेप येतो की हे सारं शीतयुद्धाचं गणित होतं, चीनच्या तोडीला लोकशाही भारत उभा करायचा होता. होतंच. केनेडींनी ते कधी लपवलंही नाही. पण मग भिलाईलाही तीच फूटपट्टी लावा. सोव्हिएत सरकारने दिलेलं कर्जही निव्वळ मायेपोटी नव्हतं. झोतभट्टीचं मातीने लिंपलेलं तोंड फोडलं की लोखंडाचा रस लाल-पिवळा उसळत पाटातून धावतो आणि लॅडलमध्ये पडतो. कर्ज देणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्या रसात उतरत नाही. पुढे त्याचे रूळ होतात आणि त्यावरून आपल्या गाड्या धावतात. भिलाईच्या बाबतीत आपण हेतू बाजूला ठेवून काम मोजतो. मग केनेडींच्या वाट्याला आलेल्या हरण्यात मात्र हेतू उकरत बसायचं, हा न्याय नव्हे.

सार्वजनिक क्षेत्राचं त्यांना वावडं होतं, हा शेवटचा आरोप तर पुराव्यापुढे टिकतच नाही. ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरमध्ये) तारापूरला अणुवीज केंद्र उभारण्याचा भारत-अमेरिका करार 8 ऑगस्ट 1963 रोजी झाला, बोकारोचं भवितव्य टांगणीला लागलं होतं त्याच महिन्यात. केंद्र पूर्णपणे सरकारी मालकीचं. 22 नोव्हेंबरला डॅलसमध्ये केनेडींचा खून झाला, वय अवघं 46. तारापूरसाठीच्या आठ कोटी डॉलरच्या कर्जावर डिसेंबरमध्ये सह्या झाल्या. ती रक्कम दहा कोटींच्या मर्यादेखाली बसत होती. बोकारो बसत नव्हतं. त्याचा करार जानेवारी 1965 मध्ये मॉस्कोशी झाला.