दात्यावरचा आरोप

कुणी सामाजिक कामाला देणगी दिली की शहाणी माणसं लगेच त्यामागचं कारण शोधायला लागतात. कर वाचवला असेल, पाटीवर नाव हवं असेल, पुण्य गाठीला बांधायचं असेल. हा आरोप अन्यायाचा आहे आणि हिशेबातही टिकत नाही.

आधी कराचं पाहू. जुन्या करपद्धतीत बहुतेक मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते. तीस टक्के कर भरणाऱ्याने १०,००० रुपये दिले, तर उपकर सोडून त्याचे १,५०० रुपये वाचतात. उरलेले ८,५०० त्याच्याच खिशातून जातात. पैसे राखायचे असते तर त्याने ते दिलेच नसते. नव्या करपद्धतीत तर व्यक्तीला ही वजावटही नाही.

नावाची हौस असते, हे मी नाकारत नाही. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव लागलं. पण नावच हवं होतं, तर ते एखाद्या घाटावर किंवा धर्मशाळेवरही लागलं असतं. मुलींचं उच्चशिक्षण अनेकांना खटकत होतं, त्या काळात नेमकं हेच काम का निवडलं, याचं उत्तर पाटीवर सापडत नाही. आणि पैसा फंडाचं काय? अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडे माणशी एकेक पैसा मागितला आणि त्या निधीतून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. एका पैशात कुणाचं नाव कुठे कोरलं जाणार होतं?

यापेक्षा बळकट आक्षेप वेगळाच आहे: देणाऱ्याला आनंद होतो, म्हणजे तो स्वतःसाठीच देतो. अर्थतज्ज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी १९९० साली या आनंदाला सिद्धान्तात जागा दिली, पण दुसऱ्याच्या भल्याची इच्छा त्यांनी पुसून टाकली नाही. हेतू मिश्र असतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मी आणखी पुढे जाईन. ज्याला परक्याच्या मुलीच्या शिक्षणाचं काहीच वाटत नाही, त्याला तिची फी भरून आनंद कसा होईल? आधी तिच्याविषयी आस्था असते, म्हणून नंतर समाधान मिळतं. त्या समाधानालाच स्वार्थ म्हणायचं ठरवलं, तर आईचं प्रेमसुद्धा स्वार्थच ठरेल.

मग लोक देतात कशामुळे? विश्वासाचं माणूस दारात येतं, मागतं आणि मागताना नातं जोडतं म्हणून. हिंगण्याच्या कर्वे संस्थेचा भाऊबीज निधी हे याचं अस्सल उदाहरण. कार्यकर्ते घरोघरी जाऊन संस्थेतल्या मुलींसाठी ओवाळणी मागतात. देणाऱ्याने त्या मुलींना कधी पाहिलेलं नसतं, तरी तो भावाच्या नात्याने देतो. इथे उपकाराची भाषा नाही, म्हणून देणाऱ्याला मोठेपणा नाही आणि घेणारीला खाली मान घालावी लागत नाही. सणाचा दिवस ठरलेला, मागणारा ओळखीचा, पैसा कुठे जाणार हे माहीत. आस्था मनात होतीच, तिला वाट मिळते.

म्हणून दात्यांचे हेतू तपासणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे. न देणाऱ्यांपैकी किती जणांकडे कुणी मागायला गेलं होतं? संस्थांनीही जाहिरातीत रडवेले चेहरे आणि करसवलतीचे आकडे छापण्यापेक्षा पावतीपुस्तक घेऊन फिरणारी माणसं तयार करावीत, आणि पुढच्या वर्षी त्याच दारात मागच्या पैशाचा हिशेब घेऊन जावं.