बुडालेले जहाज आणि डॉक्टरांचा दाखला

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ नोकरीला असतात. वय 46, तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. आता मित्रांबरोबर पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रतळाशी जाण्याचा, म्हणजे स्कुबा डायव्हिंगचा, बेत आहे. तिथल्या फॉर्मवर रक्तदाबाचा प्रश्न आहे. 'हो' लिहिले तर अडवतील, तेव्हा "डॉक्टरसाहेब, तब्येत उत्तम असल्याचा दाखला आपल्या लेटरहेडवर द्याल का?" असे या माउलीने विचारले आहे.

दाखला मी देणार नाही.

जागा मोह पाडणारी आहे, हे कबूल. 1945 साली जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने बुडालेले 'जेम्स इगन लेन' हे मालवाहू जहाज तिथल्या व्हिटसँड उपसागरात आहे. शेजारीच 'सिला' ही जुनी युद्धनौका 27 मार्च 2004 रोजी मुद्दाम बुडवली गेली. प्लिमथच्याच गोदीत बांधलेली ही नौका आता माशांचे घर झाली आहे. पत्र्यावर शिंपले आणि समुद्रफुले वाढली आहेत. तिचा तळ साधारण 25 मीटर खोल आहे. पाणी मात्र आपल्या कोकणासारखे कोमट नाही. हिवाळ्याच्या अखेरीस 9 अंशांच्या आसपास, आणि ऐन उन्हाळ्यातही 17 च्या वर फारसे जात नाही.

या थंडीचा आणि रक्तदाबाचा संबंध लोकांना ठाऊक नसतो. गार पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. पाण्याचा दाबही बाहेरून असतोच. त्यामुळे अंगातले रक्त छातीकडे लोटले जाते, हृदयावर भार पडतो आणि काहींच्या फुफ्फुसात रक्तातला द्रव पाझरू लागतो. माणूस पाण्याचा एक थेंबही न गिळता आतून बुडू लागतो. दम लागतो, खोकला येतो, कधी गुलाबी फेस येतो. सोबत्यांना वाटते, घाबरला असेल. 1989 साली डॉ. पीटर विल्म्सहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा पाणबुड्यांची आणि पोहणाऱ्यांची नोंद केली. त्यातल्या अनेकांना पुढे उच्च रक्तदाब जडला. आधीपासूनच रक्तदाब असेल तर धोका अधिक. अशा वेळी उपाय एकच, ताबडतोब पण सावकाश वर येणे आणि प्राणवायू देणे.

'सावकाश' म्हणण्याचे कारण वेगळे आहे. दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नत्रवायू रक्तात विरघळतो. घाईने वर आल्यास सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे सुटतात. सांधे दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. श्वास रोखून वर येणे तर त्याहून घातक, त्याने फुफ्फुस फाटते. प्लिमथला या विकारांवर उपचार करणारे खास केंद्र 1980 पासून आहे. एवढी सोय हाताशी असूनही सारी भिस्त शेवटी एका कागदावर असते. ब्रिटनमधल्या हौशी क्लबांनी 2001 पासून सरसकट डॉक्टरी तपासणी बंद केली. प्रत्येकाने स्वतःच्या प्रकृतीची माहिती खरी भरायची, आणि एखाद्या प्रश्नाला 'हो' आले तर जाणकार डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा, अशी पद्धत आहे.

आपल्याकडे मात्र दाखला म्हणजे शिक्का. शाळेचा असो, नोकरीचा असो वा अमरनाथ यात्रेचा, रोग्याकडे न बघता सही ठोकणारे आमचे व्यवसायबंधू कमी नाहीत. (हे लिहिल्यावर दोघांचे फोन येतीलच.) मालवण-तारकर्लीला आपली मंडळी हौसेने पाण्याखाली जातात. तिथले पाणी उबदार आणि खोली कमी, पण श्वास रोखण्याचा धोका तिथेही तोच. दम्याची, हृदयविकाराची गोष्ट तिथेही लपवू नये.

चिरंजीवांना कळवा, फॉर्मवर 'हो'च लिहा. रक्तदाब नीट आटोक्यात असेल, हृदय-मूत्रपिंडावर परिणाम नसेल, तर परवानगी मिळूही शकते. काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातल्या, पाण्यात दम अधिक लागू शकतो. पत्रात गोळीचे नाव नाही. ते तिथल्या डायव्हिंगच्या डॉक्टरांना जरूर सांगावे, आणि पाण्यात उतरण्याच्या आदल्या दिवशी ती मनाने बंद करू नये.