पावलं मोजणारं विद्यापीठ

कर्मचाऱ्याचं वर्षातून एकदा रक्त तपासा, वजन आणि कंबर मोजा, ऑनलाइन प्रश्नावली भरून घ्या, दिवसभरातली पावलं अ‍ॅपवर नोंदवा. जो हे करील त्याला बक्षीस, जो करणार नाही त्याच्या पगारातून कपात. मग आजार कमी होतील, रजा कमी होतील, विम्याचा खर्च उतरेल आणि माणसं उत्साहाने कामाला लागतील. अमेरिकी विद्यापीठांतल्या ‘वेलनेस प्रोग्राम’चा सारा युक्तिवाद एवढाच आहे. तो इतका सद्‌हेतूचा दिसतो की त्याला विरोध करणारा एकतर आळशी ठरतो, नाहीतर तिरसट. आपल्याकडच्या विद्यापीठांतही ही भाषा हळूहळू रुळू लागली आहे. तेव्हा तिरसटपणाचा आरोप पत्करून तिची उलटतपासणी आत्ताच केलेली बरी. त्यासाठी लागणारा पुरावा अमेरिकी विद्यापीठांनीच, आपल्याच कर्मचाऱ्यांवर प्रयोग करून, तयार ठेवला आहे.

पहिला दावा पैशाचा. 2010 साली हार्वर्डच्या कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात हिशोब मांडला : वेलनेसवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे उपचारखर्चाचे सुमारे 3.27 डॉलर वाचतात. हा आकडा पुढे वेलनेस विकणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात शोभावा असाच होता. त्याच वर्षी झालेल्या अमेरिकी आरोग्यविमा कायद्याने अशा कार्यक्रमांसाठी बक्षीस-दंडाची मर्यादा विम्याच्या खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत नेली, तंबाखूच्या बाबतीत तर 50 टक्क्यांपर्यंत. आकडाही हाती, कायदाही पाठीशी. विद्यापीठांच्या मनुष्यबळ विभागांना आणखी काय हवं?

अडचण एकच होती. त्या जुन्या अभ्यासांपैकी बऱ्याच अभ्यासांत कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी केलेली होती. आता फुकटच्या तपासणीला, चालण्याच्या स्पर्धेला आपणहून कोण येतं? ज्याला आधीपासूनच चालायची हौस आहे तो. ज्याचे गुडघे गेलेत, जो दोन ठिकाणी नोकरी करतो, ज्याला आपलं वजन चारचौघांत काट्यावर दाखवायचं नाही, तो येत नाही. मग येणारे निरोगी निघाले, तर ते कार्यक्रमामुळे निरोगी झाले की निरोगी होते म्हणून आले?

याचा निकाल इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन आवारात लागला. डेमन जोन्स, डेव्हिड मोलिटर आणि ज्युलियन रीफ या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये तिथे ‘आय-थ्राइव्ह’ नावाचा कार्यक्रम उभा केला. बोलावणं 12,459 कर्मचाऱ्यांना गेलं. 4,834 जण अभ्यासात आले. आणि इथे त्यांनी पूर्वी फारसं कोणी न केलेलं काम केलं : चिठ्ठ्या टाकल्या. 3,300 जणांना कार्यक्रम मिळाला, 1,534 जणांना मिळाला नाही. मिळालेल्यांसाठी रक्तदाब-कोलेस्टेरॉलची तपासणी होती, प्रश्नावली होती, वजन आटोक्यात ठेवण्याचे आणि ताई-चीचे वर्ग होते, वर रोख बक्षिसंही होती. दोन वर्षांहून अधिक काळानंतर उपचारखर्चात, खाण्यापिण्या-व्यायामाच्या सवयींत, कामातल्या उत्पादकतेत किंवा स्वतःच्या प्रकृतीविषयीच्या मतात कार्यक्रमामुळे लक्षणीय फरक पडल्याचं दिसलं नाही. तपासण्या मात्र वाढल्या. 2019 मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये हे छापून आलं, आणि त्यात एक वाक्य असं की उपचारखर्च आणि गैरहजेरी यांविषयीच्या आधीच्या अंदाजांपैकी 84 टक्के अंदाज या प्रयोगाच्या निष्कर्षात बसूच शकत नाहीत.

त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांनी पुढे कार्यक्रमात भाग घेतला, त्यांचा उपचारखर्च कार्यक्रम सुरू होण्याच्या आदल्या वर्षीच इतरांपेक्षा कमी होता आणि सवयी चांगल्या होत्या. याच लोकांना जुन्या पद्धतीने मोजलं असतं, तर आवारातल्या व्यायामशाळेची पायरी चढणाऱ्यांची संख्याही कार्यक्रमामुळे वाढलेली दिसली असती. चिठ्ठ्यांनी झालेले दोन पूर्ण गट शेजारी ठेवले की ती वाढ नाहीशी होते. श्रेय घेण्याची ही तऱ्हा आपल्या शिकवणी-वर्गवाल्यांना नवी नाही : आधी हुशार मुलं निवडायची, मग निकालाचे फलक लावायचे.

यावर पूर्वपक्ष म्हणतो, तो कार्यक्रम कच्चा असेल. दोन वर्षं थोडी पडली असतील. असतीलही. पण डॉलरमागे तीन डॉलर परत मिळतील असं सांगून माल विकणाऱ्याने, माल खोटा निघाल्यावर दहा वर्षं थांबा म्हणायचं, हे चालणार नाही. शिवाय इलिनॉय एकटं नाही. त्याच 2019 मध्ये साँग आणि बेकर यांनी एका मोठ्या घाऊक-किरकोळ दुकानांच्या साखळीत, 160 ठिकाणी आणि सुमारे 33,000 कामगारांवर, केलेला असाच चिठ्ठ्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. दीड वर्षानंतर रक्तदाब, साखर, खर्च, गैरहजेरी यांपैकी कशावरही ठळक परिणाम नव्हता. या बेकर म्हणजे 3.27 डॉलरवाल्याच. स्वतःच्या आकड्याची अशी कठोर परीक्षा घेणाऱ्या अभ्यासकांना माझा नमस्कार. तो आकडा अजून छापणाऱ्यांविषयी मात्र आदर वाटत नाही.

दुसरा दावा स्वेच्छेचा. कोणावर सक्ती नाही, असं सांगितलं जातं. 2013 च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनिया स्टेट (पेन स्टेट) विद्यापीठाने कर्मचाऱ्यांना कळवलं की ऑनलाइन प्रश्नावली भरा आणि शारीरिक तपासण्या करून घ्या; नाहीतर महिन्याला 100 डॉलर कापले जातील. म्हणजे वर्षाला 1,200. प्रश्नावलीत कामाचा ताण, घटस्फोट, पैशाची ओढाताण यांची चौकशी होती. बायकांना पुढच्या वर्षभरात मूल होऊ देण्याचा विचार आहे का, हेही विचारलं होतं. प्राध्यापक भडकले. एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने सहकाऱ्यांना खुलं पत्र लिहिलं, हजारोंनी निवेदनावर सह्या केल्या आणि सप्टेंबरात विद्यापीठाने दंड मागे घेतला. ज्या ‘स्वेच्छे’ला पगारपत्रकात वजावटीचा रकाना लागतो, तिला स्वेच्छा म्हणायला विद्यापीठातली माणसं तयार झाली नाहीत.

येलमध्ये गोष्ट कोर्टापर्यंत गेली. तिथे कर्मचारी संघटनांच्या सभासदांनी ठरलेल्या तपासण्या करायच्या, त्यांत मॅमोग्राम आणि कोलोनोस्कोपीसुद्धा, आणि माहिती बाहेरच्या कंपन्यांच्या हाती जायची. नको असेल तर आठवड्याला 25 डॉलर, वर्षाला 1,300. 2019 मध्ये खटला दाखल झाला; 2022 मध्ये येलने चूक मान्य न करता 12 लाख 90 हजार डॉलरवर तडजोड केली आणि चार वर्षं हा आकार न घेण्याचं कबूल केलं. त्याआधी 2017 मध्येच एका केंद्रीय न्यायाधीशाने सरकारच्या नियमांना हटकलं होतं : 30 टक्क्यांपर्यंतच्या दंडालाही स्वेच्छा म्हणण्याला आधार काय, ते सांगा. सरकारला समाधानकारक उत्तर देता आलं नाही आणि ते नियम रद्द झाले.

प्राध्यापकांच्या या विजयाला एक काळी कडाही आहे. पेन स्टेटचा दंड मागे घेतला गेला त्याच महिन्यात, त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठात पंचवीस वर्षं फ्रेंच शिकवलेल्या मार्गारेट मेरी वोइत्को वयाच्या 83 व्या वर्षी गेल्या. त्या तासिकेवरच्या शिक्षिका होत्या. कर्करोगावर उपचार चालू होते, विद्यापीठाकडून आरोग्यविमा नव्हता, आणि शेवटी शेवटी कंत्राटही उरलं नव्हतं. त्यांच्याविषयीचा लेख स्थानिक वर्तमानपत्रात आला आणि देशभर वाचला गेला. विद्यापीठातल्या काही जणांनी त्यांना मदत केली होती, राहायला जागाही दिली होती, असं नंतर पुढे आलं. ते मान्यच करायला हवं. पण मदत कोणीतरी करावी लागते, कोणाच्या तरी मनात यावं लागतं. विमा कार्ड खिशात असलं की कोणाच्या मनात काय आहे याने फरक पडत नाही. एका विद्यापीठात नोकरदारांच्या कंबरा मोजण्यासाठी कंपनी नेमली जात होती, दुसऱ्यात आजारी बाईला विमाच नव्हता. आठवड्याला 30 तास काम करणाऱ्याला विमा देण्याचं बंधन मोठ्या संस्थांवर आलं, तेव्हा अनेक कॉलेजांनी तासिका शिक्षकांचे तास त्या आकड्याच्या आतच ठेवले. वेलनेसच्या कोणत्याही पत्रकात हे सापडणार नाही.

तिसरा दावा सर्वांत चिवट : बरं, पैसे वाचत नसतील, पण चालल्याने, तपासल्याने कोणाचं नुकसान काय? नुकसान होतं, आणि ते ठरावीक माणसांचंच होतं. इलिनॉयमध्ये सर्वांत कमी पगाराच्या गटातले कर्मचारी कार्यक्रमात कमी आले. बक्षीस आणि दंड यांची रचना अशी असली की पैसा खालून वर सरकतो : रात्रपाळीत इमारती झाडणारा दंड भरतो, टेनिस खेळून येणारा प्राध्यापक बक्षीस घेऊन जातो. इलिनॉयच्या अभ्यासकांनी हीच शंका नोंदवली आहे, की अशा कार्यक्रमांचा उपयोग आजारी आणि गरीब कर्मचाऱ्यांवर खर्च ढकलण्यासाठी होऊ शकतो. निरोगी माणसांना आकर्षून घेणं हाच मालकाचा खरा फायदा असेल, तर मग आरोग्याचं नाव तरी कशाला घ्यायचं?

एवढं खोडून काढल्यावर प्रश्न येतो, मग विद्यापीठाने हात बांधून बसायचं का? नाही. आणि उत्तराची सुरुवात पुन्हा इलिनॉयमधूनच होते. त्याच प्रयोगाचा वैद्यकीय भाग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब, साखर, वजन जागच्या जागी होतं. पण ‘माझा एक नेहमीचा डॉक्टर आहे’ असं सांगणारे वाढले होते. एवढा खटाटोप करून जी थोडी हालचाल झाली, तिच्यात ही एक होती. तर मग डॉक्टरच थेट द्यावा. मधला काटा, पट्टा, अ‍ॅप कशाला?

डॉक्टर दिला की त्याचं औषध परवडलंही पाहिजे. अमेरिकेतच 1974 ते 1982 या काळात रँड संस्थेने हजारो माणसांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या विमा योजनांत ठेवलं होतं. उपचाराचा वाटा खिशातून भरावा लागला की माणसं उपचार कमी घेतात, हे दिसलं. पण ती अनावश्यक उपचारांइतकेच आवश्यक उपचारही टाळतात, हेही दिसलं. आणि उपचार फुकट मिळाले तेव्हा उच्च रक्तदाबाच्या गरीब रुग्णांचा रक्तदाब अधिक ताब्यात राहिला. हे लक्षात ठेवून मिशिगन विद्यापीठाने 2006 मध्ये आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी काही औषधांवरचा त्यांचा वाटा काढून टाकला, काहींवरचा कमी केला. अशा योजनांच्या अभ्यासांत औषधं नियमित घेण्याचं प्रमाण काही टक्क्यांनी वाढलेलं आढळतं. संस्थेचा एकूण खर्च फारसा उतरत नाही, हेही आढळतं. मला त्यात खोट दिसत नाही. मधुमेह्याला गोळी मिळाली, हा परतावा पुरेसा आहे. (खिशातून भरावं लागण्याची धग कळायला गरीबच असावं लागतं असं नाही. 2015 च्या सुरुवातीला हार्वर्डने आपल्या योजनेत वर्षाला 250 डॉलर आधी स्वतः भरण्याची अट घातली, तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी केलेला गलका जगाने ऐकला.)

आणि जे कोणत्याही तपासणीत येत नाही, त्या कामाच्या रचनेकडेही पाहावं लागेल. लंडनमध्ये मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांचा दशकानुदशकं अभ्यास केला. एकाच सरकारचे नोकर, उपचार सगळ्यांना मोफत. तरी जो खालच्या पायरीवर, ज्याच्या हाती स्वतःच्या कामाची सूत्रं कमी, त्याला हृदयविकार अधिक. याचं मोठं कारण सिगारेट आणि चरबीच्या पलीकडे होतं. तेव्हा दर सहा महिन्यांनी कंत्राट संपण्याच्या धास्तीत जगणाऱ्याला ध्यानधारणेचा वर्ग लावणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आपल्याकडे नक्कल करण्यासारख्या गोष्टी आधीपासून आहेत, त्यांची जाहिरात होत नाही इतकंच. पवईच्या आयआयटीच्या आवारात स्वतःचं रुग्णालय आहे. दिल्ली विद्यापीठाचं डब्ल्यूयूएस आरोग्य केंद्र कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची सोय करतं. तिथे केसपेपर काढताना कोणी पावलं विचारत नाही. महाराष्ट्रातल्या अनुदानित कॉलेजातल्या कायम प्राध्यापकाला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, पण आधी खिशातून भरायचं, मग बिलं घेऊन दाखल्यांसाठी आणि मंजुरीसाठी हिंडायचं. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, शिक्षकाला तेही नाही. तो तापाने फणफणला तर त्या दिवसाचा तास बुडतो आणि तासाबरोबर पैसेही. आवारातल्या कंत्राटी सफाई कामगाराचा आणि सुरक्षारक्षकाचा विद्यापीठाशी कागदोपत्री संबंधच नसतो.

यासाठी पैसा कुठून येणार, हा प्रश्न मी टाळत नाही. खर्च होईल, आणि तो परत मिळेल असं खोटं आश्वासनही देणार नाही. ते देऊनच पूर्वपक्षाने आपली अडचण करून घेतली आहे. मात्र खर्चाच्या क्रमाबद्दल बोलता येतं. एखाद्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेपुढे आरोग्य-अ‍ॅपचा प्रस्ताव आलाच, तर विषयपत्रिकेवर त्याच्या वर दोन विषय घ्यावेत : तासिका शिक्षकांना आजारपणाची पगारी रजा, आणि कंत्राटी कामगारांसकट सगळ्यांना आवारातल्याच दवाखान्यात डॉक्टर आणि औषध. अ‍ॅप तिसऱ्या क्रमांकावर ठेवावं. आपल्या बैठका ज्या गतीने चालतात ती पाहता, त्या दिवशी त्याची पाळी येणार नाही.